बडोद्यातलं हार्मोन क्लिनिक, अडीच वर्षांनंतरचा रिव्ह्यू: इंजेक्शनला पाच स्टार, गप्प बसण्याला दीड

आधीच सांगतो, क्लिनिकचं नाव टाकत नाहीये. एक तर मी अजूनही तिथेच जातो, दर तीन आठवड्यांनी, आणि दुसरं म्हणजे खाली ज्या तक्रारी आहेत त्या एकट्या त्या डॉक्टरच्या डोक्यावर फोडण्यासारख्या नाहीत, ओळखीच्या पोरांकडून अहमदाबाद, सुरत, मुंबईचं जे ऐकलंय ते थोड्याफार फरकाने असंच आहे. तर अलकापुरीच्या अलीकडचं, दुसऱ्या मजल्यावरचं, खाली मोबाईल रिपेअरिंगवाला असलेलं क्लिनिक, एवढ्यावर भागवा. मी ट्रान्समॅन, म्हणजे जन्मताना मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. मार्च २०२२ ला तिथे पहिलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेतलं, तेव्हा मी २९ चा होतो. आता चाळीसेक इंजेक्शनं झालीयत. मी फार्मा कंपनीत क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या खात्यात आहे, आम्ही याच्यापेक्षा कितीतरी कमी सॅम्पलवर बॅच पास-नापास करतो, तेव्हा रिव्ह्यू लिहायचा हक्क झाला आता माझा.

वेटिंग रूमपासून सुरू करतो. हार्मोनचा डॉक्टर म्हणजे सगळे पेशंट शुगर आणि थायरॉईडवाले. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालेले काका तिथेच बाकावर डबा उघडून ढोकळा खात बसलेले असतात आणि आत जाऊन डॉक्टरला सांगतात की गोड बंद केलंय. त्यात मी. पहिल्या दिवशी बारीक कापलेले केस, चेक्सचा शर्ट, आत बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचं घट्ट बनियन) आवळलेला, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने हाक मारली ती माझं जुनं नाव आणि पुढे "बेन". आता गुजरातमध्ये नावाला शेपूट असतंच, भाई नाहीतर बेन, नुसतं नाव घेऊन कुणी हाक मारतच नाही, बँकेत नाही की भाजीवाल्याकडे नाही. पुण्यामुंबईच्या लोकांना हे कळायचं नाही. दिवसातून वीस वेळा तुम्ही काय आहात ते कुणीतरी नावाला डकवून तुमच्या अंगावर फेकतं. बारा माना वळल्या. उठून आत जाईपर्यंत सगळ्या मानांनी मला वरपासून खालपर्यंत वाचून काढलं.

दुसऱ्या वेळेला मी काउंटरवर जाऊन हळूच म्हटलं, नंबरने बोलवाल का. तिने का म्हणून विचारलं नाही, फाईलवर पेन्सिलने काहीतरी खूण केली. चौथ्या वेळेला गेलो तर फाईलच्या कव्हरवर जुनं नाव रबराने खोडून नवं नाव लिहिलेलं आणि पुढे "भाई". तेव्हा माझ्याकडे कुठलं सर्टिफिकेट नव्हतं, कागद नव्हता, मी तिला नवं नाव सांगितल्याचंही आठवत नाही, बहुतेक डॉक्टरच्या नोटमधून तिने उचललं. खोडल्याचा तो मळकट डाग अजून दिसतो कव्हरवर. रिसेप्शनला पाचपैकी पाच. त्या पोरीचा पगार वाढवा.

लॅबला मात्र तीनच. कारण लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्यापुढे वर्षभर स्त्री असंच राहिलं आणि हिमोग्लोबिन दर वेळी लाल अक्षरात "हाय" छापून यायचं. १६.१. बायकांच्या रेंजमध्ये ते जास्त आहे, पुरुषांच्या रेंजमध्ये आरामात बसतं. टेस्टोस्टेरॉनने रक्तातल्या लाल पेशी वाढतातच, त्यावर लक्ष ठेवावं लागतं कारण रक्त फार घट्ट झालं तर गुठळीचा धोका, पण मोजपट्टी कुठली लावायची हे तर ठरवा. आईने एकदा तो रिपोर्ट बघितला आणि लाल रंग बघून अंगारा काढला. रेंज चुकीची निवडलीय हे आईला समजावायला अर्धा तास लागला आणि शेवटी अंगारा लावलाच तिने.

आईवरून आठवलं. आमच्या घरी मराठी, दांडिया बाजारात चौथी पिढी, पणजोबा गायकवाड सरकारात कारकून वगैरे. बाहेर गुजराती. आणि मराठीत एक मोठी पंचाईत आहे जी गुजरातीत निम्मीच आहे. गुजरातीत "हुं जाउं छुं" म्हटलं की सुटलो, बाई बोलतेय की बुवा काही कळत नाही. मराठीत "मी जाते" का "मी जातो" हे तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं. मी आठवी-नववीपासून वाक्यं वळवायला शिकलो. "मी जेवले" म्हणायचं नाही, "मला भूक नाही" म्हणायचं. "मी आले" नको, "हे बघ, पोचणं झालं". "मी केलं", "मी पाहिलं" चालतं, त्याला लिंग नाही. "मी येईन" चालतं. मला वाटतं, मला हवंय, मला जायचंय. बारा-पंधरा वर्षं मी अशी कडेकडेने मराठी बोललोय, आणि लोक म्हणायचे पोरगी घुमी आहे. आता घुमं नसेल तर काय, प्रत्येक वाक्याआधी व्याकरणाचा पेपर. आई आजही "आला" म्हणत नाही, "आली" पण म्हणत नाही. "बाळ आलं का ऑफिसमधून?" एकतीस वर्षांचं दाढीवालं बाळ. नपुंसकलिंगाचा एवढा प्रेमळ उपयोग आमच्याच घरात होत असेल.

डॉक्टर. पन्नाशीचे, गुजराती, शांत. याच्या आधी मी बडोद्यातच अजून एका ठिकाणी गेलो होतो तिथे साहेबांनी फाईल न उघडता लग्न करून टाकायचा सल्ला दिला होता, त्या मानाने हे देवमाणूस. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागितलं, ते सगळीकडेच मागतात. रक्त, लिव्हर, कोलेस्टेरॉल, सगळं बघितलं, आणि एका कागदावर सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं असे रकाने पाडून समजावलं. पाळी साधारण सहा महिन्यांत थांबेल. आवाज तीनेक महिन्यांत फुटायला लागेल. दाढीची घाई करू नका, पूर्ण यायला चार-पाच वर्षं जातात. टक्कल पडू शकतं, बाबांना आहे का? (आहे.) पिंपल्स येतील. मूल हवं असेल तर बीजांडं गोठवून ठेवायचा विचार आत्ताच करा. हे सगळं छान, मुद्देसूद, माझ्यासारख्या क्यूसीवाल्याला आवडेल असं. शेवटच्या ओळीत लिहिलेलं, "कामेच्छा वाढू शकते." ती ओळ वाचताना साहेबांनी पेन उचलून खिशाला लावलं. झालं. पुढचा पेशंट.

माझा सगळा रिव्ह्यू त्या एका ओळीबद्दल आहे असं म्हटलं तरी चालेल.

आधी इंजेक्शनबद्दल, म्हणजे त्याला दिलेले पाच स्टार कुठून आले ते कळेल. मला सस्टानॉन देतात, २५० मिलिग्रॅम, एका मिलिलिटरमध्ये टेस्टोस्टेरॉनचे चार प्रकारचे एस्टर, म्हणजे त्याच औषधाची चार रूपं, काही लवकर सुटणारी काही उशिरा. सवयीने मी आतला कागद वाचला तर ते विरघळवलेलं असतं शेंगदाणा तेलात. खरंच. मी दोन दिवस हसत होतो. आयुष्यभर आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी खाल्ली, कूट घालून भाजी खाल्ली, उपासाला खिचडी खाल्ली, आणि शेवटी पुरुषपण पण आलं ते शेंगदाणा तेलातूनच. कंपाउंडर काका नव्या माणसाला पहिलं विचारतात, "सींग खाओ छो ने? वांधो नथी ने?" ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यांना हे देत नाहीत म्हणून. मग अँप्युल दोन मिनिटं मुठीत धरून ठेवतात, तेल कोमट झालं की सुईतून नीट उतरतं, आणि एवढ्या हळू ढकलतात की मधे त्यांच्या भाच्याच्या अॅडमिशनची अख्खी गोष्ट सांगून होते. चाळीस इंजेक्शनांत एकदाही गाठ आली नाही मला. बाहेर एकदा घाईत दुसऱ्याकडून घेतलं तर आठवडाभर स्कूटरवर तिरका बसत होतो.

तर ती ओळ. कामेच्छा वाढू शकते.

तिसऱ्या महिन्यात काय झालं हे कसं सांगू. २९ वर्षांचा माणूस, घरचा हप्ता भरणारा, आणि अंगात दहावीतला पोरगा शिरलाय. ऑफिसात बॅलन्सवर पावडर तोलताना, ट्रॅफिकमध्ये, कुठेही. इंजेक्शननंतरचे चार-पाच दिवस तर डोकं दुसरं कुठे लागेना, आणि तिसऱ्या आठवड्यात पातळी उतरली की चिडचिड आणि झोप. त्या आधी माझी इच्छा म्हणजे शेजारच्या घरात चालू असलेला रेडिओ होता, गाणं कळतंय पण आपल्या घरात वाजत नाहीये. आता ते आपल्याच घरात, फुल आवाजात. मला वाटलं काहीतरी बिघडलं माझ्यात. कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं की बाबा, हे दुसऱ्यांदा वयात येणं आहे, बहुतेकांना होतं, पहिल्या काही महिन्यांत जोर असतो मग बसतं. दोन वाक्यं. तेवढी दोन वाक्यं त्या कागदावर मावली असती.

आणि शरीराचं. क्लिटोरिस मोठं होतं, पहिल्या काही महिन्यांत सुरू होतं, वर्ष-दोन वर्षं चालतं, आणि नंतर औषध बंद केलं तरी ते परत जात नाही. हे मला मीच बाथरूममध्ये शोधून काढलं. याला आपल्या भाषेत शब्दच नाही, म्हणजे आहेत ते एकतर शिव्या आहेत नाहीतर संस्कृत, शिवी द्यायची नाही आणि पूजाही सांगायची नाहीये तर माणसाने बोलायचं कसं. आमच्या घरात आम्ही एक शब्द तयार केलाय, तो इथे लिहिणार नाही. पण तो शब्द सापडल्यावर एक गंमत झाली. ज्या जागेकडे मी पंधरा वर्षं डोळे मिटून आंघोळ करत होतो ती जागा माझी झाली. आता मला तिकडे बघता येतं, तिच्याबद्दल बोलता येतं, तिथे हात लावलेला चालतो. आधी तिला नाव नव्हतं, आणि जे होतं ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

"आमच्या घरात" म्हटलं म्हणजे मी आणि माझी पार्टनर. गमतीत मी तिला आता "आमची ही" म्हणतो, मिशीला पीळ देऊन, आणि ती उशी फेकून मारते. आम्ही २०१७ पासून एकत्र आहोत, म्हणजे दोन मुली म्हणून सुरुवात झाली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बद्दलचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ ला, त्या संध्याकाळी सूरसागरच्या काठावर बसून आम्ही दोघींनी (तेव्हाचं व्याकरण) आइस्क्रीम खाल्लं, आता आपण गुन्हेगार नाही म्हणून. तिला स्वतःला "मी लेस्बियन आहे" म्हणायला दहा वर्षं लागली होती, घरी सांगून झालं होतं, त्याची किंमत मोजून झाली होती. आणि मग मी म्हणतो की मी मुलगी नाहीच. तिचा पहिला प्रश्न होता, "मग मी कोण?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि क्लिनिकमध्ये तर तिला आत घेतच नाहीत. बायपासवाल्याच्या बायकोला डॉक्टर अर्धा तास समजावतात, तेल किती मीठ किती. इथे तिच्या माणसाचं शरीर, आवाज, वास, सगळं तिच्या शेजारी झोपल्या झोपल्या बदलणार, तिला कुणी खुर्ची सुद्धा दिली नाही. वास बदलतो, हो. ती म्हणाली तूच आहेस पण उशी दुसऱ्याची वाटते.

ट्रान्झिशनच्या आधी आमचं असं होतं की मी तिच्यासाठी सगळं करायचो आणि माझ्या अंगाला हात लावू द्यायचो नाही. टी-शर्ट कायम अंगात, दिवा बंद. लोकांना वाटतं ही लाज असते. लाज नव्हती. ती जिथे हात ठेवायची तिथे मी नसायचोच, मी वर पंख्याजवळ कुठेतरी, खाली काय चाललंय ते बघत. आपल्या अंगाच्या आत असणं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं म्हणून काही कमी आहे असंही वाटत नव्हतं. आवाज फुटला, खांदे भरले, डिसेंबर २०२२ ला टॉप सर्जरी, म्हणजे छाती सपाट करायचं ऑपरेशन केलं (मुंबईत, तो वेगळा रिव्ह्यू होईल), आणि त्यानंतर दीडेक महिन्याने एका दुपारी, दिवा सोडा, खिडकी उघडी असताना मी शर्ट काढून झोपलो होतो आणि तिने पाठीवर हात ठेवला आणि मी तिथेच होतो. पाठीत. छातीवर व्रणांच्या वर एक पट्टा आहे तिथे आजही काही लागत नाही, बधिर आहे, बर्फ ठेवला तरी कळत नाही. पण बाकीचा मी हजर होतो. मी रडलो तर ती घाबरली, दुखलं का म्हणाली.

एक वाईट पण सांगतो. आपल्याकडे हाक मारायची "अगं" नाहीतर "अरे". ती पाच वर्षं मला "अगं" म्हणायची, मग ठरवून "अरे" म्हणायला लागली, दिवसा जमायचं. एका रात्री अगदी नको त्या क्षणी तिच्या तोंडून "अगं" निघालं. तिला कळलंही नाही. मी एका सेकंदात परत पंख्याजवळ. महिनाभर त्या खोलीत आम्ही फक्त झोपलो. हे कुणाच्या चुकीने झालं? जिभेला सवय असते. पण हे जोडप्यांना होतं, होणार आहे, त्यावर बोलता येतं, एवढं सांगणारा माणूस त्या दुसऱ्या मजल्यावर असता तर महिना वाचला असता आमचा.

आता ज्याबद्दल मी सगळ्यात जास्त विचार केलाय ते. बडोद्यातला नवरात्र बाहेरच्यांना सांगून कळणार नाही, हजारो लोक एका गोलात, गोलात गोल. २०२२ पर्यंत मी बाइंडर घालून गरबा खेळायचो, आठ तासांच्या वर घालू नका, व्यायाम करताना घालू नका असं सगळे सांगतात आणि मी दोन्ही करत होतो, बरगड्यांवर वळ. २०२३ ला पहिल्यांदा बाइंडरशिवाय, केडियू (गरब्यातला पुरुषांचा घेरदार अंगरखा) घालून, खाली सपाट छाती आणि वारा लागतोय. आणि तिथे एक मुलगा होता, आमच्या गोलात, सफेद केडियू, घामाने पाठीला चिकटलेलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. आणि एकदम लख्ख कळलं की हे "मला असं व्हायचंय" वालं बघणं नाहीये.

कॉलेजपासून मी मुलांकडे बघायचो, खूप बघायचो. तो बसतो कसा, मनगट कसं आहे, बाही कशी दुमडलीय. मी समजायचो हेवा आहे. आणि होताच हेवा, खच्चून भरलेला. पण हेवा आणि हवंसं वाटणं हे तांदळातल्या खड्यांसारखं एकात एक मिसळलेलं होतं, निवडताच येत नव्हतं, कारण ज्याच्याकडे बघून पोटात दुखतंय त्याच्याबद्दल अजून काही वाटतंय का हे बघायला पोट रिकामं कुठे होतं. माझं अंग माझं झालं, हेवा संपला, आणि ताटात बघतो तर काही दाणे उरलेत. फार नाहीत. पण आहेत. हार्मोनने माझी आवड बदलली असं मी म्हणणार नाही, बऱ्याच ट्रान्समॅनना पुढे जाऊन मुलांबद्दल असं वाटायला लागतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असेल. माझ्यापुरतं, जे होतं ते दिसायला लागलं. माझं प्रेम "ही"च्यावरच आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, सफेदवाला ना, मी पण बघत होते.

आणि योगायोग बघा, ती नवरात्राची तिसरी माळ होती, १७ ऑक्टोबर २०२३, त्याच दिवशी सकाळी सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला नाही म्हटलं होतं, आणि त्याच निकालात असंही म्हटलं की ट्रान्स व्यक्ती स्त्री-पुरुष अशा नात्यात असेल तर आत्ताच्या कायद्याने लग्न करू शकते. म्हणजे आम्ही तेच दोघं, तीच गादी, तीच उशी. २०१८ पर्यंत गुन्हा, मग नुसती परवानगी, आणि आता कागद पूर्ण केले तर मंगल कार्यालय. आमचे बाकीचे मित्रमैत्रिणी त्या रात्री मैदानात आलेच नाहीत, आम्हाला नाचताना कसंतरीच वाटत होतं. कागदांचं एक सांगून टाकतो, माझ्या वेळेला २०१९ च्या कायद्याखाली कलेक्टरकडून आधी ट्रान्सजेंडर असं सर्टिफिकेट मिळायचं आणि मेडिकल कागद जोडून पुढे पुरुष असं बदलून घेता यायचं, त्यासाठी लागणारं पत्र या क्लिनिकने मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी दिलं, सही शिक्क्यासकट, एक रुपया जास्त घेतला नाही. याला पाच.

तर नवरात्रानंतरच्या व्हिजिटला मी हिंमत करून डॉक्टरना मुलांबद्दलचं विचारलं. त्यांनी स्क्रीनकडे बघत सांगितलं, हार्मोनल आहे, नॉर्मल आहे, सेटल होऊन जाईल. काय सेटल होईल? मी? त्यांच्या डोक्यात एक गणित पक्कं आहे, ट्रान्समॅन म्हणजे मुलीवर प्रेम असणारच, नाहीतर मग हे सगळं कशाला केलं. हे गणित जुनं आहे. अमेरिकेत लू सलिव्हन म्हणून एक ट्रान्समॅन होता, त्याला पुरुष आवडायचे आणि तो ते लपवायचा नाही, म्हणून तिथल्या क्लिनिकांनी त्याला नाकारलं, गे असलेला ट्रान्समॅन असूच शकत नाही म्हणून. तो वर्षानुवर्षं डॉक्टरांशी भांडत राहिला, १९९१ मध्ये एड्सने गेला, पण त्या आधी डॉक्टरांना हे मान्य करायला लावण्यात त्याचा मोठा वाटा होता. ते सॅन फ्रान्सिस्को. आपल्याकडे बडोद्यापासून शंभर किलोमीटरच्या आत राजपिपळ्याचे राजकुमार मानवेंद्रसिंह २००६ ला वर्तमानपत्रातून सांगून मोकळे झाले की मी गे आहे, राजवाड्यातून, तेव्हा शहराला हा शब्द नवीन नाही. डॉक्टरला का असावा?

आणि हे गणित नुसतं मनाला लागतं असं नाही, अंगावर येतं. माझा एक मित्र, तोही ट्रान्समॅन, याच क्लिनिकचा पेशंट, त्याचा बॉयफ्रेंड आहे. पाळी थांबली म्हणजे आता दिवस जायची भीती नाही असं तो धरून चालला होता कारण त्याला कुणी सांगितलंच नाही की टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नाही. पाळी थांबली तरी बीज सुटू शकतं, आणि औषध चालू असताना दिवस गेले तर गर्भाला धोका. दाढीवाला माणूस मेडिकलमध्ये जाऊन प्रेग्नन्सी टेस्ट मागतोय, दुकानदार म्हणतोय भाभी को भेज दो. निगेटिव्ह आली, पण ते तीन दिवस त्याने कसे काढले ते मला माहितीये. नंतर तो म्हणाला केरळातल्या त्या जहादचं वाचून मला आधी कळायला हवं होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत कोझिकोडला जहाद या ट्रान्समॅनने बाळाला जन्म दिला होता, सगळ्या पेपरांत आलेलं, त्याने त्यासाठी हार्मोन थांबवले होते.

क्लिनिकने न सांगितलेल्या अजून गोष्टी, कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून. आतला कोरडेपणा वाढतो, त्याला ल्युब्रिकंट असतं आणि डॉक्टर एक लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देऊ शकतात, त्याचं रक्तात जवळजवळ काही जात नाही, बाकीच्या औषधात बिघाड होत नाही. सुखाच्या क्षणानंतर ओटीपोटात कळ येते काहींना, पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं अपेंडिक्स. आणि गर्भाशयाचं तोंड आहे तोवर त्याची तपासणी करायचीच, दाढी घेऊन गायनॅककडे बसायची हिंमत मी अजून गोळा करतोय.

सगळ्यात चिडचिड मला याची होते की जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आमचं प्रकरण मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकलं. म्हणजे कागदोपत्री मी लैंगिक आरोग्याचा पेशंट. आणि अडीच वर्षं तिथे लैंगिक हा शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही.

मी हे सगळं, एवढं नाही पण यातलं बरंचसं, फीडबॅकच्या फॉर्मवर मागे-पुढे दोन्हीकडे लिहून दिलं. जुलैमध्ये. ऑगस्टच्या व्हिजिटला ब्लड प्रेशर झालं, रिपोर्ट झाले, डॉक्टर उठले, दार लोटून घेतलं, जे कधी लोटत नाहीत, परत येऊन बसले, पेपरवेट इकडचा तिकडे केला आणि म्हणाले, "पार्टनर साथे बधुं बराबर छे ने?" आणि घाम पुसला. मी म्हटलं, हा, बराबर. मग दोघंही गप्प. मग ते म्हणाले, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, एक खुर्ची अजून टाकतो. गप्प बसण्याला एक स्टार देणार होतो, वरचा अर्धा त्या खुर्चीचा.

बाकी, जिना अंधारा आहे, वरच्या मजल्यावर लिफ्ट थांबतेच असं नाही. फी सहाशे, फॉलोअपला चारशे, इंजेक्शन आपलं आपण न्यायचं, खालच्या मेडिकलमध्ये कधी नसतं म्हणून एक जादा घरी ठेवा. सोमवारी जाऊ नका, रविवारी श्रीखंड खाल्लेले सगळे शुगरवाले सोमवारी येतात. संध्याकाळी साडेसहाचा नंबर घ्या, सुटल्यावर समोर सेव उसळवाला लागलेला असतो, तिखट कमी सांगा, तरी नाकातून पाणी येतं.